अमेरिकेतली छोटी ख्रिस्ती कॉलेजं: कव्हनंटवर सही करण्याआधी

ओसरी (धागाकर्ती)

'पदवीसाठी अमेरिका' या जुन्या धाग्यावर एकच प्रश्न वेगवेगळ्या पालकांकडून येतोय. हजार-दोन हजार विद्यार्थ्यांचं छोटं ख्रिस्ती कॉलेज आहे, शिष्यवृत्ती घसघशीत आहे, आणि प्रवेशपत्राबरोबर 'कम्युनिटी कव्हनंट' (तिथे कसं वागायचं याचा करार) नावाचा कागद आलाय. सही करावी का? तिथली उत्तरं चारशे प्रतिसादांत विखुरली आहेत, म्हणून हा वेगळा धागा. धर्म चांगला की वाईट हा विषय इथे कृपया नको, त्यासाठी आपल्याकडे धाग्यांची कमी नाही.

सही एकाच कागदावर असली तरी वाचायचे कागद तीन असतात.

पहिला स्टेटमेंट ऑफ फेथ. कॉलेज काय मानतं त्याचं हे निवेदन: त्रैक्य, बायबलचं प्रामाण्य, ख्रिस्ताचं पुनरुत्थान. बऱ्याच ठिकाणी हा कागद प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांसाठी असतो. मिशिगनमधलं कॅल्विन (स्थापना १८७६, ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चचं) प्राध्यापकांना श्रद्धेच्या कागदाला बांधून घेतं, विद्यार्थ्यांना नाही.

दुसरा कव्हनंट. दोन-तीन पानं, भाषा गोड, बायबलमधली वचनं पेरलेली. मुलं हाच वाचतात आणि 'यात काय वावगं आहे' म्हणून सही करतात. पण एकेक वाक्य नीट बघा. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजचं सध्याचं कव्हनंट २००३ सालचं आहे. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना दारू आणि तंबाखू सर्व ठिकाणी वर्ज्य आहे, म्हणजे कॅम्पसबाहेरही, आणि वयाची एकविशी उलटल्यावरही. पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्राध्यापकांना मात्र त्यांच्या विवेकावर सोडलंय. तिथे एमएला असलेल्या कुणी 'आमच्याकडे असं काही नाही' म्हटलं तर ते खोटं बोलत नसतात, पण ते तुमच्या मुलाला लागू नसतं.

तिसरं स्टुडंट हँडबुक. साठ-ऐंशी पानं, कंटाळवाणं, आणि खरा मामला सगळा इथे. दंड किती, खोली कोण तपासू शकतं, अपील कुठे, सगळं यात. कव्हनंटमध्ये 'आम्ही आदराने वागू' एवढंच असतं आणि हँडबुकमध्ये त्या आदराचे रात्री किती वाजता बारा वाजतात ते लिहिलेलं असतं.

वाचताना दोन गोष्टी मुद्दाम शोधा. नियम 'सत्र चालू असताना' लागू आहेत की 'प्रवेश असेपर्यंत'? दुसऱ्या प्रकारात उन्हाळ्याची सुट्टी आणि पुण्यातलं मामाचं लग्नही येतं. आणि कॉलेजला वर्षाच्या मध्ये नियम बदलायची मुभा आहे का? बहुतेक हँडबुकांत ती असते.

---

कोरडवाहू

छान सुरुवात, ओसरीताई. मी प्रवेशाच्या बाजूने भर घालतो, कारण हिंदू किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या मुलांसाठी पहिली चाळणी तिथेच लागते.

ही कॉलेजं ढोबळमानाने दोन प्रकारची. काही फक्त ख्रिस्ती विद्यार्थी घेतात. कॅलिफोर्नियातलं बायोला हे त्यातलं माहितीतलं नाव (आकाराने ते छोटं नाही, पण पद्धत तीच). अशा ठिकाणी अर्जात श्रद्धेवर निबंध असतो आणि पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, शिफारसपत्र मागतात. दुसऱ्या प्रकारची कॉलेजं कुणालाही घेतात, फक्त कॅम्पसवर नियम पाळायचे. कॅल्विन, इंडियानातलं मेनोनाइट पंथाचं गोशेन, मिनेसोटातलं लुथरन सेंट ओलाफ ही या बाजूची. केंटकीतलं बेरिया (१८५५) तर पंथनिरपेक्ष ख्रिस्ती आहे. तिथे ट्यूशन फी नाही, त्या बदल्यात प्रत्येकाला आठवड्याला किमान १० तास कॅम्पसवर काम करावं लागतं. भारतातून अर्ज करणाऱ्यांना हे नाव ठाऊक असतंच.

पहिल्या प्रकारात शिरण्यासाठी निबंधात श्रद्धा 'रचू' नका. ओळखीच्या पाळकाकडून पत्र मिळवणं अवघड नाही हे खरं. पण अर्जातली माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द करण्याचं कलम प्रत्येक अर्जाच्या तळाशी असतं, आणि ते पदवीच्या शेवटच्या वर्षीही वापरता येतं. शिवाय चार वर्षं रोज नाटक करणं अठराव्या वर्षी कुणाच्याच प्रकृतीला मानवत नाही.

कॉलेज कोणत्या प्रकारचं हे संकेतस्थळावर सरळ लिहिलेलं नसेल तर अर्जाचा फॉर्म उघडून बघा. पाळकाच्या पत्राचा रकाना आहे की नाही, यावरून कळतं.

---

चकलीभाजणी

वाचतेय. चॅपलच्या, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनासभेच्या, हजेरीचं कुणी नीट सांगेल का? त्या हजेरीला 'क्रेडिट' म्हणतात, ती जीपीएत धरतात का?

---

तिसरी_घंटा

चकलीभाजणी, जीपीएत सहसा धरत नाहीत, पण पुरी झाली नाहीत तर अडवतात. सविस्तर सांगते.

'ख्रिस्ती कॉलेजात चॅपल असतं' एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही. ओहायोतल्या सीडरव्हिलमध्ये सोमवार ते शुक्रवार रोज चॅपल असतं आणि ते सक्तीचं आहे. कॅल्विनमध्ये सकाळी वीस मिनिटांसाठी वर्ग थांबतात, पण चॅपलला जाणं ऐच्छिक. सेंट ओलाफमध्येही ऐच्छिकच. या दोन टोकांच्या मध्ये बाकीची.

सक्ती असेल तिथे साधारण पद्धत अशी: सत्रात साठेक कार्यक्रम होतात, त्यातले समजा तीस गाठायचे. दारावर ओळखपत्र स्कॅन करायचं किंवा फोनवरच्या अ‍ॅपमधून हजेरी लावायची. पाच-दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर हजेरी नाही. काही ठिकाणी बाहेर पडतानाही स्कॅन असतो, म्हणजे मागच्या दाराने सटकणं बंद.

पोरं कुठे फसतात? पंधरा आठवड्यांत तीस म्हणजे आठवड्याला दोन, सोपं वाटतं. पहिले चार आठवडे कुणी फिरकत नाही. मग उरलेल्या अकरा आठवड्यांत आठवड्याला जवळजवळ तीन होतात. त्यात थँक्सगिव्हिंगचा आठवडा जवळपास रिकामा, परीक्षेच्या आठवड्यात चॅपल नाही, आणि नोव्हेंबरात अख्ख्या मजल्याला सर्दी. नोव्हेंबरच्या मध्याला बारा-तेरावर असलेल्या मुलाला गणितानेच ते शक्य नसतं. मग कुठे दंड, कुठे निबंध लिहून भरपाई, कुठे पुढच्या सत्राच्या नोंदणीवर होल्ड. होल्डचा त्रास सगळ्यात जास्त, कारण तो निघेपर्यंत हवे ते वर्ग भरून जातात.

सूट मिळते. नर्सिंगचे क्लिनिकल तास, शाळेतला अध्यापन सराव, कॅम्पसबाहेरची पक्की नोकरी ही चालणारी कारणं. पण अर्ज सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करायचा असतो. ऑक्टोबरात जाऊन 'माझी लॅब त्याच वेळी असते' सांगून उपयोग नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. मैत्रिणीचं कार्ड स्कॅन करू नका, स्वतःचं तिच्या हाती देऊ नका. चॅपल चुकवणं ही हजेरीची बाब, तिचा निकाल दंडावर लागतो. दुसऱ्याचं कार्ड वापरणं ही अप्रामाणिकपणाची बाब, ती थेट डीनकडे जाते आणि कायमच्या नोंदीत राहते. तीन क्रेडिटांसाठी हा सौदा कोण करतं असं वाटेल, पण दरवर्षी करतात.

ख्रिस्ती नसलेल्यांना 'माझा धर्म वेगळा' या कारणाने सूट बहुधा मिळत नाही, कारण सही करून आलेले असता. पण चॅपलमध्ये बसणं एवढीच अट असते. गाणं म्हणायची, हात जोडायची, पुढे जायची सक्ती नसते. प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी वाटून खाण्याचा विधी) असेल तेव्हा भाकरीचं ताट रांगेतून आलं की पुढच्याकडे सरकवायचं, कुणी वळूनही बघत नाही. अनेक ख्रिस्ती मुलंसुद्धा आपापल्या पंथाच्या कारणाने घेत नाहीत.

---

पानगळ

प्रतिसाद संग्रही. पण एक बाळबोध प्रश्न: वयाने सज्ञान मुलांनी प्रार्थनेला हजेरी लावायची सक्ती अमेरिकेत कायद्याला चालते कशी? तिथे तर धर्म आणि सरकार वेगळं ना?

---

उंबरठा

पानगळ, ते बंधन सरकारवर आहे. खाजगी कॉलेज म्हणजे सरकार नव्हे, त्यामुळे पहिली घटनादुरुस्ती तिथे आड येत नाही. विद्यार्थी आणि कॉलेज यांच्यातलं नातं न्यायालयं बहुतांशी करारासारखं बघतात. त्यामुळे हँडबुकला इतकं महत्त्व. कॉलेजने स्वतःच लिहिलेली प्रक्रिया पाळली नाही, तर तुमच्या हाती काहीतरी असतं. नियमच जाचक आहे, एवढं म्हणून फार काही होत नाही.

मर्यादा आहेत. सर्वात गाजलेलं प्रकरण साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीचं. तिथे वेगवेगळ्या वंशांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत फिरायला बंदी होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची करसवलत काढून घेणं योग्य ठरवलं. लक्षात घ्या, नियम बेकायदा ठरवला नाही, सवलत गेली. नियम त्यांनी स्वतः मागे घेतला तो थेट २००० मध्ये.

आता शिस्तीची प्रक्रिया, कारण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना हिचाच धोका जास्त.

मजल्यावरचा आरए, म्हणजे रेसिडेंट असिस्टंट, हा विद्यार्थीच असतो. त्याला दिसलेली गोष्ट 'मित्र म्हणून' दाबायची मुभा नसते. तो ऑनलाइन अहवाल भरतो. दोन-चार दिवसांत कॉलेजच्या ईमेलवर आरडीचं, म्हणजे वसतिगृहप्रमुखाचं, किंवा डीनच्या कचेरीचं बोलावणं येतं. मुलं तो ईमेल उघडतच नाहीत, त्यांचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. गैरहजर राहिलं तर निर्णय त्यांच्याशिवाय होतो आणि ते हँडबुकमध्ये लिहिलेलं असतं.

पहिल्या बैठकीत आरोप सांगतात आणि 'मान्य की अमान्य' विचारतात. मान्य केलं तर तिथेच शिक्षा ठरते, आणि पुष्कळ ठिकाणी अपिलाचा हक्क आक्रसतो. म्हणून सांगायचं: लेखी आरोप द्या, विचार करून उद्या उत्तर देतो. हे उद्धटपणाचं नाही. मात्र खोटं बोलू नये. छोट्या कॉलेजात दीड दिवसात खरं बाहेर येतं, आणि मग दारूच्या घोटापेक्षा खोटं बोलणं जड जातं. पकडले जाण्याआधी स्वतःहून सांगितलं तर सौम्य वागवण्याची पद्धत या कॉलेजांत बऱ्यापैकी आहे. तशी तरतूद लेखी आहे का ते बघून घ्या.

अपिलाला मुदत तीन ते पाच कामाचे दिवस. कारणं बहुधा तीनच चालतात: प्रक्रियेत चूक, नवा पुरावा, शिक्षा प्रमाणाबाहेर. 'माझ्या आईवडिलांनी कर्ज काढलंय' हे तिन्हीत बसत नाही. पत्र दीड पानाचं, हँडबुकमधलं कलम उद्धृत करून, दयायाचना शेवटच्या ओळीत.

व्हिसाचं असं: शिस्तभंगासाठी निलंबन किंवा हकालपट्टी झाली की कॉलेजला सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद संपवावी लागते, आणि त्यानंतर देशात राहायला सवलतीचे दिवस मिळत नाहीत. परवानगीने आधी माघार घेतली तर १५ दिवस मिळतात. दुसऱ्या कॉलेजात बदली करायची तर नोंद जिवंत असतानाच करावी लागते. म्हणून निलंबनाची नुसती शक्यता दिसली तरी त्याच दिवशी डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला भेटायचं. अमेरिकन रूममेटला एका सत्राचं निलंबन म्हणजे घरी बसून पिझ्झाच्या दुकानात काम. तुमच्या मुलाला तेच निलंबन म्हणजे विमानाचं तिकीट.

गांजाबद्दल वेगळं सांगतो. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून एकविशीनंतर तो कायदेशीर आहे, तरी कुठल्याच कॉलेजच्या कॅम्पसवर चालत नाही. संघराज्याच्या कायद्याने तो अजून गुन्हा आहे आणि कॉलेज संघराज्याचा निधी घेतं. परदेशी नागरिकाला तर तो व्हिसापर्यंत नडतो.

---

ओसरी

उंबरठा, फार उपयोगी. वैद्यकीय प्रवेशाचं मी जोडते, कारण आपल्याकडे निम्मी मुलं प्री-मेड असतात. मेडिकल स्कूलच्या सामायिक अर्जात 'तुमच्यावर संस्थेने कधी कारवाई केली का' हा प्रश्न असतो, आणि कॉलेजने ती नोंद पुसली असली तरी होय म्हणावं लागतं. म्हणजे 'पहिलीच वेळ आहे, नुसतं प्रोबेशन आहे, घ्या मान्य करून' हा मित्रांचा सल्ला त्यांना परवडतो, प्री-मेडला नाही.

---

हिमशिंतोडे

वसतिगृहाबद्दल मी लिहिते. आपल्या मुलांची पहिली कारवाई बहुतेक वेळा दारूवरून होत नाही, फोडणीवरून होते. :)

खोलीत उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती चालत नाही. पालकांना वाटतं ख्रिस्ती कॉलेज म्हणून पूजेला बंदी. तसं नाही, सरकारी विद्यापीठाच्या वसतिगृहातही हेच असतं, कारण आगीचं आहे. न पेटवलेली, नुसती शोभेची मेणबत्तीसुद्धा तपासणीत जप्त होते. बॅटरीचे दिवे चालतात. टेबलावर गणपतीची छोटी मूर्ती ठेवायला सगळ्यांना घेणाऱ्या कॉलेजांत सहसा अडचण नसते, रूममेटशी आधी बोलून घ्या. खरी ज्योत लावून दिवाळी करायची तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीमार्फत कॅम्पस सेफ्टीची परवानगी घ्या, उघड्यावर. दोन-तीन आठवडे आधी अर्ज केला तर बहुधा देतात, आणि वर जेवणाला पैसेही देतात.

स्वयंपाक: तार उघडी असलेली कुठलीही शेगडी, इंडक्शन, टोस्टर खोलीत नाही. आपोआप बंद होणारी किटली बहुतेक ठिकाणी चालते. राइस कुकर आणि इन्स्टंट पॉटचं कॉलेजागणिक वेगळं, हँडबुकमध्ये उपकरणांची यादी असते. फोडणी मजल्याच्या स्वयंपाकघरातच करायची. धूरशोधक बाहेरच्या बोळात असतो, म्हणून दार बंद, पंखा चालू, तेल धुरावायच्या आत मोहरी, आणि मिरची शेवटी. सुकी लाल मिरची जाळली तर पूर्ण इमारत रिकामी होते. जानेवारीत इंडियानात रात्री साडेअकराला शून्याखाली दहात तीनशे मुलं पायजम्यात उभी राहिली की फोडणी कुणाची होती ते वर्षभर लक्षात राहतं.

धूरशोधकावर मोजा किंवा प्लास्टिकची पिशवी चढवू नका. ही युक्ती यूट्यूबवर फिरते. कॉलेजच्या लेखी तो जिवाशी खेळ आहे, दंड मोठा, आणि बऱ्याच राज्यांत तो गुन्हाही आहे.

आता मुलामुलींच्या भेटीच्या वेळा, 'ओपन अवर्स'. प्रत्येक कॉलेजात वेगळ्या: कुठे आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, कुठे रोज मध्यरात्रीपर्यंत. कॅलिफोर्नियातल्या थॉमस अक्वायनस या छोट्या कॅथलिक कॉलेजात मुलींच्या इमारतीत मुलांना आणि मुलांच्या इमारतीत मुलींना कधीच प्रवेश नाही, वर्गात पोशाखाचेही नियम. वायोमिंग कॅथलिकमध्ये तर सत्रभर मोबाइल फोनच नाही. (हे वाचून निम्म्या पालकांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, आनंदाचं.)

ओपन अवर्समध्ये दार उघडं, दिवा चालू, ही किमान अट. आगरोधक दारं आपोआप मिटतात, मग आरए आला की दार बंद, आत दोघं, आणि 'आपोआप मिटलं' हे तो रोज ऐकतो. रबराचा अडसर दोन डॉलरला मिळतो, तो घ्या. भाऊ, वडील, चुलतभाऊ यांनाही हाच नियम. सामान चढवायला आलेल्या बाबांना सूट फक्त येण्या-जाण्याच्या दिवशी. अभ्यास एकत्र करायचा तर तळमजल्यावरची बैठकीची खोली असते, तिथे वेळेचं बंधन सैल असतं.

---

खडकी_लोकल

शाकाहारी मुलांसाठी एक दुर्लक्षित पर्याय: सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट कॉलेजं. टेनेसीतलं सदर्न अ‍ॅडव्हेंटिस्ट, कॅलिफोर्नियातलं पॅसिफिक युनियन कॉलेज. कॅफेटेरियाच शाकाहारी असतो, त्यामुळे 'सूपमध्ये चिकनचं पाणी आहे का' ही रोजची उलटतपासणी वाचते. अंडी आणि चीज मात्र सढळ हाताने. पुणेकरांना हा प्रकार अनोळखी नाही, औंध रस्त्याचं स्पायसर त्याच पंथाचं, १९४२ पासून पुण्यात.

पण शब्बाथ समजून घ्या. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत ग्रंथालय, जिम, कचेऱ्या बंद. सामने नाहीत, वर्ग नाहीत. शनिवारी दिवसभर असाइनमेंट उरकायची सवय असलेल्यांना ग्रंथालयाचं वेळापत्रक उलटं बसवावं लागतं: रविवारी उघडं असतं. हिवाळ्यात सूर्य पाचला मावळतो, म्हणजे शुक्रवारचं काम चारला आटपायचं. चहा-कॉफीवरही काही ठिकाणी नाक मुरडतात आणि काही कॉलेजांच्या नियमावलीत दागिन्यांवर बंधनं असतात. कानातल्यांपासून गळ्यातल्या साखळीपर्यंत काय चालतं ते लेखी विचारून घ्या.

---

पानगळ

इतकं सगळं वाचून वाटतं, नकोच. मुलांनी अठराव्या वर्षी मोकळं व्हायला जायचं की पुन्हा वॉर्डनच्या हाताखाली?

---

तिसरी_घंटा

पानगळ, अर्धीच सहमत. दारू नसलेला कॅम्पस ही काही मुलांना हवी असलेली गोष्ट असते, आणि त्यासाठी सक्तीचं चॅपल पत्करायलाच हवं असं नाही. सेंट ओलाफ कोरडं आहे, एकवीस वर्षांवरच्यांनाही कॅम्पसवर दारू नाही, पण चॅपल ऐच्छिक. असे मधले पर्याय शोधा. नियम बदलतही असतात: व्हीटनमध्ये नाचाला बंदी होती, ती २००३ मध्ये उठली आणि तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी झाली होती.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. दारू पिऊन आजारी पडलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायला मित्र बंदीमुळे घाबरतात. 'मेडिकल अ‍ॅम्नेस्टी' म्हणजे मदतीला फोन करणाऱ्यावर आणि रुग्णावर कारवाई नाही, असं कलम हँडबुकमध्ये आहे की नाही, हे मी इतर सगळ्यांआधी बघेन. नसेल तर त्या कॉलेजला कमी गुण. आणि कलम असो वा नसो, मुलांना सांगून ठेवा: कुणी शुद्धीवर येत नसेल तर ९११ आधी, हँडबुक मग.

---

उंबरठा

याला दुजोरा.

कुणी विचारलं नाही, पण लिहायला हवं. यातल्या बऱ्याच कॉलेजांचं कव्हनंट विवाहबाह्य आणि समलिंगी दोन्ही संबंधांना मनाई करतं. व्हीटनचं त्यातलंच. समलिंगी मुलामुलींसाठी बघायची रेघ ही की हँडबुक 'आकर्षण' आणि 'वर्तन' यांत फरक करतं का, आणि वर्तनात काय मोजतं: नातं, हात धरणं, की समाजमाध्यमावरची पोस्टही. लिंगाधारित भेदभावाविरुद्धचा १९७२ चा टायटल नाइन कायदा धार्मिक संस्थांना सवलत देतो. कॉलेजने तशी सवलत शिक्षण खात्याकडे मागितली असेल तर तो पत्रव्यवहार सार्वजनिक असतो. पत्र न मागताही सवलतीचा दावा करता येतो, म्हणून पत्र सापडलं नाही याचा अर्थ सवलत नाही असा घेऊ नका.

दुसऱ्या बाजूला गोशेन आणि व्हर्जिनियातलं ईस्टर्न मेनोनाइट. दोघांनी २०१५ मध्ये समलिंगी विवाहित प्राध्यापकांच्या नेमणुकीला मुभा दिली आणि त्याच वर्षी ख्रिस्ती कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली. दोन्ही ख्रिस्तीच. म्हणून 'ख्रिस्ती आहे' एवढ्यावरून कुठलाच निष्कर्ष काढू नये.

---

चकलीभाजणी

आणि आम्हा पालकांना काय कळतं? फी आम्ही भरणार, तर गडबड झाल्यावर कॉलेज फोन करतं ना?

---

ओसरी

चकलीभाजणी, गृहीत धरू नका. १९७४ च्या फेर्पा कायद्याने कॉलेजात गेल्यापासून नोंदींचा हक्क मुलाचा होतो, तुमचा नाही. कॉलेज मुख्यतः तीन वाटांनी सांगू शकतं: मुलाने लेखी संमती दिली तर, मूल करासाठी तुमच्यावर अवलंबून दाखवलेलं असेल तर, किंवा एकविशीखालच्या मुलाने दारू-अमली पदार्थांचा नियम मोडला तर. 'सांगू शकतं' म्हणजे सांगेलच असं नाही. भारतातल्या पालकांना कराची वाट सहसा लागू होत नाही, त्यामुळे संमतीचा फॉर्म हीच खरी. तो ऑगस्टमध्ये, सगळं छान चाललेलं असताना भरून घ्या.

उलट बाजूही सांगते: मुलाला स्वतःची फाइल बघायची असेल तर मागणीपासून ४५ दिवसांत दाखवावी लागते. शिस्तीच्या नोंदी त्यात येतात.

आणि डीनना रात्री फोन करून 'मी वडील बोलतोय' करू नका. संमती नसेल तर त्यांना कायद्याने बोलता येत नाही, आणि मुलाच्या फाइलमध्ये मात्र नोंद होते की पालकांचा फोन आला होता.

---

कोरडवाहू

प्रवेश पक्का करण्याच्या डिपॉझिटची सर्वसाधारण तारीख १ मे. त्याआधी चालू वर्षाचं हँडबुक पीडीएफमध्ये उतरवून ठेवा, कारण ऑगस्टमध्ये त्याच दुव्यावर नवं येतं आणि जुनं गायब होतं. काय बदललं ते दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. शंका असेल ती ईमेलने विचारा, आणि विचारताना कलमाचा क्रमांक द्या. अ‍ॅडमिशनवाले फोनवर फार गोड बोलतात, ते त्यांचं कामच आहे.

---

पानगळ

एक राहिलंच. बायबलचे वर्ग सक्तीचे असतात ना? दुसऱ्या वर्षी सरकारी विद्यापीठात बदली घेतली तर ते क्रेडिट बुडीत?

---

कोरडवाहू

पूर्ण बुडीत नाही, पण अर्धवट. सीडरव्हिलमध्ये तर प्रत्येकाला बायबलचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, करावाच लागतो. इतर ठिकाणी दोन ते पाच वर्ग. सरकारी विद्यापीठं 'जुन्या कराराचा इतिहास' किंवा 'जागतिक धर्म' असलं काही मानव्यविद्येत धरतात. 'ख्रिस्ती जीवनपद्धती'सारखे भक्तिपर वर्ग बहुधा मोकळ्या इलेक्टिव्हमध्ये टाकतात किंवा घेत नाहीत. बदलीचा विचार डोक्यात असेल तर पहिल्या वर्षी बायबलपैकी शैक्षणिक धाटणीचा एकच वर्ग घ्यावा, बाकी कॅल्क्युलस, केमिस्ट्री, लेखन आधी उरकावं. प्रत्येक वर्गाचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये जपून ठेवा, समकक्षता ठरवणारा माणूस तोच मागतो. आणि सल्लागाराने 'पहिल्या सत्रात दोन बायबल घे, सोपे असतात' म्हटलं तर मान डोलवून एकच घ्या.